दोन मिनिटं पाच सेकंद

जेम्स बाँडच्या 'गोल्डनआय ००७' या व्हिडिओ गेममधला 'फॅसिलिटी' हा टप्पा ००-एजंट या अवघड पातळीवर २ मिनिटं ५ सेकंदांत पार केला, की गोळ्या न लागण्याची चीट, म्हणजे खेळ सोपा करणारी सवलत, मिळते. मला त्यासाठी तीन आठवडे लागले.

हा गेम निन्टेन्डो ६४वर १९९७मध्ये आला, तेव्हा आमच्याकडे ते मशीन नव्हतं. जानेवारी २०२३मध्ये तो एक्सबॉक्सवर आला आणि मग मी तो पहिल्यांदा खेळलो. ज्यावर तो बेतलाय तो सिनेमा १९९५चा, माझा पाठ झालेला. त्यामुळे छतातल्या झडपेतून संडासात उतरलो तेव्हा जुन्या ओळखीच्या जागी आल्यासारखं वाटलं. पण सिनेमात झटक्यात संपणारी ही जागा इथे अख्खी इमारत झाली आहे. गेम बनवणाऱ्या रेअर कंपनीच्या मंडळींनी सिनेमाचे सेट प्रत्यक्ष पाहिले होते. त्यांनी जागा आधी उभी केली आणि खेळाडूनं कुठून शिरायचं, कुठून बाहेर पडायचं ते मागाहून ठरवलं. म्हणूनच इथे काहीही न मिळणाऱ्या खोल्या आहेत, आणि त्यामुळेच ती इमारत खरी वाटते. मला या गेममध्ये सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

पहिला आठवडा दिसेल त्या पहारेकऱ्याला टिपण्यात गेला. गोळीचा आवाज झाला की आणखी धावून येतात, वेळ तिथेच जातो. मग नेम धरणं सोडलं आणि पळायला शिकलो. सरळ पळण्यापेक्षा पुढे आणि बाजूला एकाच वेळी दाबून तिरकं पळालं, की वेग वाढतो. कोपऱ्यावर भिंतीला घासायचं नाही, एवढंच शिकायला चार रात्री गेल्या.

खरी परीक्षा डॉ. डोकची. पुढचं कुलूप उघडणारं यंत्र त्याच्याकडे असतं. हे पात्र सिनेमात नाहीच. गेम बनवणाऱ्या डेव्हिड डोक यांचं नाव त्याला दिलंय. तो दर वेळी वेगळ्या जागी उभा असतो. लांबच्या खोलीत सापडला, की डाव सोडून पुन्हा झडपेपासून सुरुवात, कारण मध्ये सेव्ह करता येत नाही. शेजारी बसलेला भाचा डोळे बारीक करून शास्त्रज्ञांचे पांढरे कोट न्याहाळायचा.

त्या शनिवारी तो ओरडला, "मामा, डावीकडे! हाच!" डोक अगदी वाटेवर उभा होता. यंत्र घेतलं, दार उघडलं, बाँडचा साथीदार एजंट ००६ची गाठ पडली, टाक्यांना सुरुंग चिकटवले. अंगठा घामानं स्टिकवरून घसरत होता. बाहेरच्या वाटेवरच्या सरकत्या पट्ट्याकडे पळता पळता सुरुंग उडवले आणि बाहेर पडलो.

पडद्यावर वेळ आली, ०२:०३. भाच्यानं माझ्या हातातून कंट्रोलर घेतला आणि म्हणाला, "आता मी."