तुमचे देव किती?

चौलच्या दत्ताची यात्रा आली की रेवदंड्यात मला कुणीतरी विचारतंच, "पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे आमच्या दत्तासारखंच की! मग देव एकच असं का म्हणता?" विचारण्यात आपलेपणा असतो, म्हणून उडवाउडवी करवत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आमच्या ख्रिस्ती त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या श्रद्धेची, सुरुवात तीनपासून होत नाही. आपल्याच किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आठवा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रंथ हाताशी नव्हते, तरी 'शेमा' त्यांच्या ओठांवर राहिला : हे इस्राएल, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच (अनुवाद 6:4). येशूला सर्वांत मोठी आज्ञा विचारली, तेव्हा त्यानेही आधी हेच म्हटलं (मार्क 12:29). त्याचे पहिले शिष्य याच वाक्यावर वाढलेले यहुदी. देवाला जोडीदार ही कल्पनाच त्यांना सोसली नसती.

आणि तरी त्यांच्यासारखाच यहुदी असलेला प्रेषित पौल लिहितो : आपला एकच देव, पिता, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त (1 करिंथ 8:6). शेमाच्या ग्रीक भाषांतरात परमेश्वराच्या नावाच्या जागी 'प्रभू' हाच शब्द आहे. पौलाने तो येशूला दिला, आणि 'एकच' तसाच ठेवला! मला हे वचन वाचताना अजून शहारा येतो. मत्तय 28:19 मध्येही बाप्तिस्मा पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या 'नावाने' आहे, 'नावांनी' नाही.

'त्रैक्य' हा शब्द बायबलात नाही, हे खरं. नायसिया (325) आणि कॉन्स्टँटिनोपल (381) इथल्या धर्मसभांनी श्रद्धेची भाषा ठरवली, भक्ती त्याआधीची. 1 योहान 5:7 मध्ये काही जुन्या भाषांतरांत स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य सापडतं, पण प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. मी त्याचा आधार कधीच घेत नाही.

एका वादळी रात्री भावाची होडी परतली नव्हती. प्रार्थनेला बसले, तर 'बापा' यापुढे शब्दच फुटेना. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडला. शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा आपल्या आत कण्हत मध्यस्थी करतो. पित्याच्या उजवीकडे पुत्रही आपल्यासाठी विनंती करतो. त्या रात्री मी तिघांना हाका मारत नव्हते. ज्याला हाक मारत होते, तोच माझ्या आतून हाक मारत होता. पहाटे पुळणीवर आरडाओरडा ऐकू आला, तोवर मी तशीच बसून होते.