तुम्ही विचारलंत म्हणून: दगडाला काय जपायचं?

"बाई, दगड काय पळून जातोय का? त्याला कशाला जपायचं?"

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजच्या कुंडावर उभं राहून हा प्रश्न मला किती जणांनी विचारलाय, मोजदाद नाही. सहलीला आलेले पालक विचारतात, पुण्याहून आलेले भाचे विचारतात. त्यात खोडसाळपणा नसतो. समोर कुकडी नदीच्या पात्रात नजर पोचेल तिथवर काळा फत्तर पसरलेला, त्याला कोण काय करणार, असंच कुणालाही वाटेल. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

मी भूगोल शिकवायचे तेव्हा दरवर्षी मुलांना एका घाटरस्त्याच्या कडेला न्यायचे. तिथं डोंगर कापलेला होता. खाली काळा थर, वर काळा थर आणि मधे हातभर जाडीची विटेसारखी लाल पट्टी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, थंड झाला आणि मग बराच काळ इथं काहीच आलं नाही. ऊनपावसानं दगडाची माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. आपला महाराष्ट्र एका दमात झालेला नाही, हे त्या पट्टीकडे बोट दाखवलं की पाचवीच्या पोरालाही कळायचं. एका वर्षी रस्ता रुंद झाला आणि त्या जागी सिमेंटची भिंत उभी राहिली. रस्ता हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण कामाआधी कुणी विचारलं असतं तर दहा फूट जागा उघडी ठेवा एवढंच मागितलं असतं. त्या वर्षी मी ती पट्टी लाल खडूनं फळ्यावर काढली. मुलांनी वहीत उतरवून घेतली, पण त्यांच्या डोळ्यांत काही हललं नाही.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळलीय. दगडाची किंमत त्याच्या जागेत असते. जागेवरून हलला की तो खडी होतो, नाहीतर शोकेसमधली वस्तू.

याच कुकडीवर वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुक आहे. तिथं नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास सुरू केला. सोबत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली. ही राख आपल्या सह्याद्रीची नाही. सह्याद्री तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालेला. ती आली सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून, ३००० किलोमीटरहून जास्त अंतर वाऱ्यावर कापून. नेमक्या कोणत्या उद्रेकातली, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या की त्याच्याही लाखो वर्षं आधीच्या, यावर अभ्यासकांचा वाद आहे. त्या हत्यारांचं वय त्या उत्तरावर अवलंबून आहे. वाद सुटायचा तर राख होती तिथं, होती त्या थरात राहायला हवी. आणि ती मऊ आहे हो. एका जेसीबीला एक दुपार पुरे.

आता हे कुंडाचं बघा. पुराच्या पाण्याला भोवरा पडतो, त्यात दगडगोटे अडकतात आणि जात्यासारखे गरगर फिरतात. जिथं दगडात भेग असते किंवा पोकळी असते, तिथून ते खाली उतरत जातात. असे शेकडो रांजणखळगे एकमेकांत मिसळून हे पात्र झालंय. हे टिकलं कुणामुळे? माझं स्पष्ट मत आहे, मळगंगेमुळे. काठावर देवी आहे, चैत्रात जत्रा भरते, म्हणून इथं सुरुंग लावायची कुणाची छाती झाली नाही. तिकडे अणे घाटाजवळ गुळुंचवाडीला ओढ्यानं कोरलेला दगडी पूल आहे, तिथंही मळगंगाच. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल चहूबाजूंनी इमारतींनी वेढलाय, त्याच्या माथ्यावर गावदेवी. आपल्या माणसांनी जागेचं वेगळेपण ओळखलं आणि तिथं देव ठेवला. भूवारसा, म्हणजे पृथ्वीचा इतिहास सांगणाऱ्या दगडांचा नि जागांचा ठेवा, हा शब्द नंतर आला.

असा भूवारसा जपणारा आणि लोकांना दाखवणारा अख्खा परिसर म्हणजे जिओपार्क. ते कुंपण घातलेलं उद्यान असतं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. त्यात गावं असतात, शेती असते. ग्रीसच्या लेसवॉस बेटावर दगड झालेलं जंगल आहे. २००० साली युरोपातल्या चार ठिकाणांनी एकत्र येऊन जिओपार्कांचं जाळं सुरू केलं, त्यांतलं ते एक. २०१५ पासून युनेस्को जिओपार्कांना मान्यता देते आणि दर चार वर्षांनी तपासते. जीवाश्म किंवा खनिजं विकण्यात जिओपार्कानं भाग घ्यायचा नाही, असाही नियम आहे. २०२५ च्या एप्रिलपर्यंत ५० देशांत २२९ जिओपार्क झाले होते. त्यात भारतातला एकही नव्हता. लोणार असणाऱ्या देशातला एकही नाही, हे मला फार लागतं. २०२२ मध्ये केंद्रानं भूवारशासाठी कायद्याचा मसुदा पुढे ठेवला. कायदा हवाच, पण जमीन ताब्यात घेऊन गावाला बाहेर काढणारा नको. ज्यांनी आजवर राखलं त्यांना पहारेकऱ्याच्या जागी बसवा.

माझ्या डोळ्यांपुढे कुकडीचा जिओपार्क आहे. पूर गावच्या कुकडेश्वर मंदिरापासून निघायचं, नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण बघायचा, बोरीची राख बघायची आणि निघोजला नदीनं घडवलेल्या रांजणांपाशी यायचं. वाट दाखवायला त्या त्या गावची पोरं, दुपारी पिठलं-भाकरी तिथल्याच बायकांच्या हातची.

तोवर एवढंच करा. खळग्यांच्या तळाशी गुळगुळीत गोटे दिसतील, ते आठवण म्हणून घरी नेऊ नका. नदीची छिन्नी आहे ती. मागच्या हिवाळ्यात हे सांगितल्यावर चौथीतल्या एका मुलीनं गुपचूप दप्तर उघडलं, आतला गोटा काढला आणि रांजणात सोडला. पाणी बरंच खोल होतं. नदीला मोठं पाणी सुटलं की तो पुन्हा कामाला लागेल.