प्रोस्टेट एमआरआय आणि पॅथॉलॉजी स्लाइड: आधी पातळी, मगच ताण

प्रोस्टेट ग्रंथीचा एमआरआय आणि तिच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड्स एकमेकांवर जुळवायच्या, म्हणजे स्लाइडवरच्या कॅन्सरची जागा एमआरआयवर लेबल करून मॉडेलला शिकवता येते, हे माझं चालू काम. डेटा पूर्वीचाच आहे: टीसीआयए या कॅन्सर-प्रतिमांच्या खुल्या संग्रहातला 'प्रोस्टेट फ्यूज्ड एमआरआय पॅथॉलॉजी' संच. २८ रुग्ण, ३ टेस्लाचे स्कॅन आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथीच्या एच अँड ई (गुलाबी-जांभळ्या रंगांनी रंगवलेल्या) स्लाइड्स. बदलला आहे तो कामाचा क्रम. बी-स्प्लाइनच्या (प्रतिमा जागोजागी ताणून बसवणाऱ्या पद्धतीच्या) सेटिंग्जना हात लावायच्या आधी आता मी स्लाइड नेमकी कुठल्या एमआरआय स्लाइसशी जोडायची, हे पक्कं करतो. माझ्या मते या खेळातली निम्मी लढाई तिथेच आहे.

कारण उघड आहे. टी२ (एमआरआयचा एक प्रकार) स्लाइस साधारण ३ मिमी जाडीची, तर काचेवरचा थर जेमतेम ४-५ मायक्रॉनचा. एका स्लाइसच्या जाडीत असे शेकडो थर मावतात! त्यात ग्रंथी शरीरात असताना मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधे दाबलेली असते, एंडोरेक्टल कॉइल (गुदाशयात ठेवायचं एमआरआयचं उपकरण) असेल तर मागून आणखी चपटी होते. बाहेर काढल्यावर फॉर्मलिनमध्ये आकसते. पॅथॉलॉजीतला काप स्कॅनच्या प्रतलाला समांतर असेलच असं नाही. थ्रीडी-प्रिंटेड साच्यात ठेवून कापलेली ग्रंथी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण तो योग क्वचितच.

पातळी ठरवायला सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे मूत्रमार्ग. व्हेरूमोंटॅनमच्या (मूत्रमार्गाच्या मागच्या भिंतीवरच्या उंचवट्याच्या) पातळीवर स्लाइडमध्ये त्याची पोकळी चंद्रकोरीसारखी वाकलेली दिसते, आणि टी२वर त्याच जागी उजळ ठिपका असतो. ही जोडी सापडली की वरखालच्या स्लाइड्स त्यावरून मोजत जाता येतात. त्यानंतर बीपीएचच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या साध्या वाढीच्या, गाठी. त्यांतल्या फुगलेल्या ग्रंथी टी२वर पांढऱ्या चमकतात, स्लाइडवर मोकळी भोकं म्हणून दिसतात. क्यूपाथ या स्लाइड पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये झूम करून अशा भोकांच्या कडेवर जुळणीचे बिंदू ठेवायला मला मनापासून आवडतं. तिथे डोळ्यांना खरोखर पटतं की दोन्हीकडे हीच ती जागा.

एक पथ्य मात्र कडक पाळतो: ट्यूमरवर एकही बिंदू नाही. ट्यूमर धरून प्रतिमा जुळवायची आणि मग 'बघा, ट्यूमर जुळला' म्हणायचं, याला काही अर्थ उरत नाही.

पुढचं काम सिंपलआयटीके हे प्रतिमा जुळवायचं सॉफ्टवेअर करतं. आधी अफाइन (अख्खी प्रतिमा एकसारखी सरकवणं, फिरवणं, ताणणं), मग विरळ जाळीचं बी-स्प्लाइन, जुळणी मोजायचं मेट्रिक म्युच्युअल इन्फर्मेशन (दोन प्रतिमांतलं सांख्यिकी नातं), कारण गुलाबी-जांभळा रंग आणि एमआरआयचा करडेपणा यांत सरळ नातं नसतं. जाळी दाट केली की बाह्यरेषा सुरेख बसते, डाइस (दोन आकार किती एकावर एक बसतात याचा आकडा) वर चढतो, आणि आत ऊतक स्वतःवरच दुमडतं. म्हणून जॅकोबियन (कुठे किती ताण किंवा दुमड झाली याचं माप) तपासल्याशिवाय निकाल स्वीकारत नाही. नुसत्या डाइसवर विसंबू नका, ही सगळ्यांना विनंती. शेजारची चुकीची स्लाइससुद्धा कडेकडेने झकास जुळते! खरं काय ते आतल्या बिंदूंमधलं मिलिमीटरचं अंतर सांगतं. ५ मिमीच्या गाठीचं लेबल ४ मिमी सरकलं, तर मॉडेल निरोगी ऊतकालाच कॅन्सर म्हणायला शिकेल.

एपेक्सकडच्या (ग्रंथीच्या खालच्या टोकाच्या) स्लाइड्स अजून त्रास देतात: आकार लहान, खुणा कमी. तिथे सध्या शेजारच्या स्लाइड्सवरून मिळणारा कल वापरतोय. पुढे स्टॅनफर्डच्या गटाचं प्रॉसरेगनेट (हीच जुळणी डीप लर्निंगने करणारं साधन) याच बिंदूंवर चालवून अंतरांची तुलना करणार आहे. कुणी एपेक्ससाठी वेगळ्या खुणा वापरत असाल तर जरूर कळवा.