तंगी

बीकॉम झालं, नोकरी नाही, म्हणून मैत्रिणीच्या संस्थेबरोबर दोन आठवडे गोव्यात आलेय. आम्हा सावंतवाडीकरांसाठी गोवा म्हणजे बांबोळीचं हॉस्पिटल आणि मे महिन्यातला बीच. आज झुआरीनगर पाहिलं. एका बाजूला बिट्स पिलानीचा हिरवागार कॅम्पस, आणि तिथून फार लांब नाही अशी पत्र्यांची ही वस्ती.

काम सोपं होतं, रेशनकार्डांची माहिती लिहून घ्यायची. पहिल्याच घरातली अक्का हसून म्हणाली, "बा तंगी, बस." मला वाटलं, पैशांची तंगी सांगतेय! मी मान हलवत सहानुभूतीचा चेहरा केला. तिची मुलगी फिदीफिदी हसली. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. (मेले मी लाजेने.)

अक्का गदगकडची. पाऊस दगा देत गेला तशी शेती सुटली, आता नवरा सेंट्रिंगच्या कामावर. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं. कार्ड अजून गावच्या पत्त्यावर. 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये इथल्या दुकानातही धान्य मिळू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती दर महिन्याला बाजारभावाने तांदूळ घेते. माझ्या डोक्यात 'गरिबांना आळस' वगैरे जे काही होतं ना, ते तिच्या पहाटे चारला सुरू होणाऱ्या दिवसापुढे टिकेना.

निघताना तिने ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी हातात ठेवली. कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये, उभ्यानेच खाल्ली. उद्या तिला घेऊन रेशन दुकानात जायचंय. मशीनवर अंगठा उमटला म्हणजे मिळवली.