शाहू मिल ते इचलकरंजी, एका दिवसात

परवा कोल्हापूरला गेलो होतो, सकाळी सकाळी कोटितीर्थाकडं चालत गेलो, शाहू मिलची चिमणी बघायला. शाहू महाराजांनी 1906 ला सुरू केलेली गिरणी, 2003 पासून बंद. आजोबा सांगायचे, मिलचा भोंगा झाला की लोक घड्याळं लावायचे. थोडा वेळ गेटपाशी उभा राहिलो आणि निघालो.

मग एसटीनं इचलकरंजी, मामांकडं. 1904 ला विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, त्यावर अख्खं गाव उभं राहिलं. लहानपणी सुट्टीला यायचो तेव्हा गल्लीत शिरायच्या आधीच खटक-खटक ऐकू यायचं, रात्री त्यातच झोप लागायची, आणि लाईट गेली की आवाज थांबायचा आणि त्यानं जाग यायची, खरंच!

मामांचे आठ माग होते, आता दोन राहिलेत. मामा खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, तोही त्याचा, आपण फक्त विणून द्यायचं, मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबानं, आणि तीही पैशात. लाईट बिल, माग दुरुस्त करणारा जॉबर, कांड्या भरणारा कांडीवाला, सगळं त्यातनंच भागवायचं. सहा माग भंगारात दिले, किलोवर. "आबांनी कर्ज काढून घेतलेलं रे, काट्यावर चढवताना मी तिथं थांबलोच न्हाई," मामा म्हणाले आणि चहाचा कप उगाच फिरवत बसले.

जुने साधे माग, हवेच्या झोतावर चालणाऱ्या नव्या वेगवान एअरजेट मागांपुढं टिकत नाहीत, वीज महाग, हे सगळं आहेच. पण बाहेरून येणारा स्वस्त माल बघितला की मला राग येतो. मुख्यतः चीनहून येणाऱ्या काही सिंथेटिक निटेड, म्हणजे होजिअरीसारख्या गुंफलेल्या, कापडांवर 2024 ला सरकारनं किलोला 3.5 डॉलरची किमान आयात किंमत लावली, ठीक आहे, पण ते निटेडला, मामा विणतात ते ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं, कापड त्यात कुठं येतं. आणि बांगलादेशचे तयार कपडे 2011 पासून आपल्याकडं बिनड्युटी येतात.

बोलता बोलता मामांनी माझ्या शर्टची बाही चिमटीत धरली, दोन बोटांत चोळली, म्हणाले, "कापड चांगलंय की, कुठलं?" कॉलर उलटी करून बघितली तर मेड इन बांगलादेश. कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलेला, लेबल मी बघितलंच नव्हतं. मामा चिडले नाहीत. "सूत आपल्याकडचं असंल बघ," एवढंच म्हणाले. आणि असेलही, आपलं सुती सूत सगळ्यात जास्त घेणाऱ्यांत बांगलादेश आहेच, इथनं सूत जातं आणि तिकडनं शर्ट येतो, मधली विणाई-शिलाईची मजुरी सगळी तिकडं.

मामी जाऊ देईनात, मुक्काम केला. रात्रपाळी मामांनी कधीच बंद केलीय. सकाळी मामी म्हणाल्या, रात्री दोन तास लाईट नव्हती, उकडलं असेल तुला. मला काहीच कळलं नव्हतं, गाढ झोपलो होतो.