आपला पोऱ्या कोनता?

मोबाईलवर मोहन बागान आणि मुंबईचा फुटबॉल सामना बघत होतो. ८९व्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेचा गोल झाला आणि मी गच्चीवर ओरडलो. शेजारच्या खाटेवर आजी उठून बसली.

"काय व्हयनं रे?"

तांब्याला टेकवलेला मोबाईल तिच्याकडे वळवला. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, ६० हजारांवर माणसं. मोहन बागान २, मुंबई १. मुंबईला नुसती बरोबरी पुरली असती. शेवटची मिनिटं गेली, गोल काही आला नाही. मोहन बागानने पहिल्यांदाच लीग शिल्ड (इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिला येणाऱ्या संघाची ढाल) उचललं, तेही घरच्या मैदानावर.

आजीला त्यातलं काही नको होतं. तिने एकच विचारलं, "तेस्मा आपला खान्देशना पोऱ्या कोनता शे?"

मी गप्प.

बागानचा पहिला गोल लिस्टन कोलासोचा, तो गोव्याचा. मुंबईसाठी गोल करणारा छांगते मिझोरामच्या लुंगलेईचा. डोंगरातलं गाव! पण तिकडे पोरांना खेळायला मैदान आहे, राज्याची स्वतःची लीग आहे.

आणि आमच्या अमळनेरात? संध्याकाळी दोन विटा ठेवून गोलपोस्ट. त्यातला एक पोरगा अनवाणी खेळतो, डाव्या पायाने असा चेंडू वळवतो की बघत राहावं. दहावी झाली की बापाबरोबर शेतात जाणार म्हणतो. फार चटका लागला मला त्याचं ते ऐकून, आणि आज आजीच्या प्रश्नाने तो पुन्हा आठवला.

धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे कोणी वाचत असाल तर सांगा, तुमच्या गावात पोरांना फुटबॉल शिकवणारं कोणी आहे का?