आमची वाटचाल: एसी दुरुस्तीपासून सर्व्हर रूमच्या वीजबिलापर्यंत

आमची फर्म 2009 साली भोसरीत सुरू झाली ती एसी दुरुस्तीसाठी. गॅस भरणं, कॉइल धुणं, उन्हाळ्याच्या तोंडावर एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचे, कागद घेऊन फिरणं, एवढंच काम. सर्व्हर रूमशी, म्हणजे संस्थेचे मुख्य संगणक ठेवलेल्या खोलीशी, संबंध आला तो तिथले एसी वरचेवर बंद पडायचे म्हणून. ऑफिसातला एसी दिवसाला आठ-दहा तास चालतो, इथला वर्षाचे 8,760 तास. साध्या स्प्लिटचा कंप्रेसर त्याला किती पुरणार? पण कंप्रेसर बदलून बदलून ध्यानात आलं, की दुखणं एसीत कमी आणि खोलीत जास्त आहे.

एक नमुन्याची खोली सांगतो. पुणे-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या सहकारी बँका, पतसंस्था, कारखाने, हॉस्पिटलं, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच सापडते. तीन-चार रॅक, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायची खणांची कपाटं. भिंतीवर चार स्प्लिट, चारही 18 वर. कोणी हात लावू नये म्हणून रिमोट टेपने भिंतीला चिकटवलेला. रॅकचे निम्मे खण रिकामे आणि त्यांना झाकण नाही. त्यामुळे सर्व्हरच्या पाठीतून निघालेली गरम हवा त्याच खणांतून पुढे येते आणि सर्व्हर तीच पुन्हा ओढून घेतो. एसीची थंड हवा रॅकच्या डोक्यावरून जाऊन परत एसीतच. आत शिरलं की माणूस कुडकुडतो आणि शेवटच्या रॅकमधला सर्वांत वरचा सर्व्हर मात्र तापमानाचा अलार्म देत असतो. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे पाचवा एसी.

आम्ही आधी टिश्यू पेपरची एक पट्टी रॅकच्या तोंडाशी धरतो. आत ओढली गेली तर ठीक. बाहेर फडफडली तर तिथून गरम हवा पुढे येते आहे. उदबत्तीच्या धुराने हे जास्त छान दिसतं, पण डोक्यावर स्मोक डिटेक्टर असतो आणि त्याला आग विझवणाऱ्या गॅसची सिलिंडरं जोडलेली असतात! मग रिकाम्या खणांना ब्लँकिंग पॅनल, म्हणजे झाकणं, केबलच्या भोकांना ब्रश, रॅक तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ. एवढं झाल्याशिवाय रिमोटला हात लावत नाही.

रिमोटचं प्रकरण मात्र फार काळ सुटेना. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेची 2008 पासूनची शिफारस 18 ते 27 अंशांची आहे, आणि तीही सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेची, खोलीची नव्हे. साध्या एसीचं सेटिंग एक अंशाने वाढवलं तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं केंद्र सरकारची ऊर्जा दक्षता संस्था, म्हणजे बीईई, सांगते. आम्ही हे सगळं दाखवायचो, समोरचे माना डोलवायचे आणि आकडा 18 वरच राहायचा. कारण उघड होतं. वीजबिल भरतो अकाउंट्स विभाग, आणि सर्व्हर बंद पडला तर बोलणी खातो आयटीवाला. बिल साऱ्या इमारतीचं एकत्र, सर्व्हर रूमचं वेगळं कोणाला दिसतच नाही. वाचलेल्या युनिटांबद्दल त्याची पाठ कोणी थोपटणार नाही. मग त्याने 18 सोडावं कशाला? त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं.

म्हणून आता पहिलं काम मीटर. एक यूपीएसच्या आउटपुटला, एक सर्व्हर रूमच्या एकूण पुरवठ्यावर. एकूण विजेला आयटीच्या विजेने भागलं की पीयूई निघतो. ग्रीन ग्रिड या संस्थेने 2007 मध्ये रूढ केलेलं हे माप. आयटीचा भार 10 किलोवॅट आणि एकूण 20, तर पीयूई 2. तो 1.6 वर आला तर 4 किलोवॅट वाचले, म्हणजे वर्षाला 35,040 युनिट. हा हिशेब अकाउंट्सला लगेच कळतो. आयटीवाल्यासाठी प्रत्येक रॅकच्या तोंडाशी वर आणि खाली सेन्सर, आणि मोबाइलवर अलर्ट. सेटिंग एका वेळी एकच अंश वाढवायचं, आठवडाभर बघायचं, आणि पुन्हा खाली आणायचा अधिकार त्याचाच. गूगल 1.1 वर आहे, आम्ही का नाही, असं विचारणारेही भेटतात. चार रॅकच्या खोलीने त्या वाटेला जाऊ नये.

बऱ्याच ठिकाणी यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत असतात, तिथे घाई करत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला 25 अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. दहा अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं. मध्ये पार्टिशन टाकून बॅटऱ्या वेगळ्या केल्या की मगच सर्व्हरचं तापमान वाढवता येतं. यूपीएसही बहुधा गरजेपेक्षा कितीतरी मोठा घेतलेला. एक बंद पडला तर दुसरा हवा म्हणून दोन बसवलेले असतात, त्यातला प्रत्येक 20 टक्के भारावर चालतो, तिथे त्याची कार्यक्षमता घसरते, आणि वाया गेलेली वीज उष्णता होऊन पुन्हा एसीच्याच माथी.

एसी बदलायची वेळ आलीच तर प्रिसिजन युनिट, म्हणजे सर्व्हर रूमसाठीच बनवलेला एसी, सुचवतो. साधा स्प्लिट माणसांसाठी केलेला, त्याची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. सर्व्हरला घाम येत नाही, तरी ड्रेन पाइपखालची बादली भरत राहते. प्रिसिजन युनिटच्या पंख्याचा वेगही कमी-जास्त करता येतो. वेग 80 टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज जवळपास निम्म्यावर येते.

धंदा म्हणून सांगायचं तर ब्लँकिंग पॅनलमध्ये काही सुटत नाही, पाचव्या एसीत सुटायचं. म्हणून आम्ही ऑडिटची फी घेतो. आमच्यातल्या एकाने बीईईची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षाही दिली. फी नको, बचतीतला वाटा घ्या, असं म्हणणाऱ्यांना नम्रपणे नकार देतो. सहा महिन्यांत दोन सर्व्हर वाढतात, मग बचत कशाच्या तुलनेत धरायची यावर वाद. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या अवाढव्य डेटा सेंटरांचं काम आमचं नव्हे. आमच्याकडे तयार झालेली मुलं मात्र तिकडे जातात. पगार चांगला मिळतो, तक्रार नाही.

नवीन कामाला एकच अट. पहिल्या भेटीला आयटी आणि अकाउंट्स, दोन्हीकडचा माणूस एकाच टेबलावर हवा. एकटा आयटीवाला असेल तर आम्ही चहा घेऊन पुढची तारीख मागतो.